डोंगा राजी हाये

"मामाजी, तो दगड कोठी गेला?" मी विचारलं आणि डोक्यावरची शिदोरी खाली उतरवली.

माझे सासरे मुखरू जांभळीच्या सावलीत जाळ्याची भोकं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दगड कोठी जाते व? पाय फुटले का त्याले?"

"रोज त्याच्यावर पाय देऊन पलीकडं जाते मी. आज दिसत नाई."

आता त्यांनी मान वर केली. जाळं मांडीवरून बाजूला सारून काठावर आले आणि नुसते बघत राहिले. वैशाखातली आमची नदी म्हणजे वाळूवरून वाहणारे दोन-तीन ओघळ. त्यातला सगळ्यात मोठा ओलांडताना माझं लुगडं गुडघ्यापर्यंतही भिजत नसे. त्या सकाळी तिथं तांबूस गढूळ पाणी सरकत होतं, वर फेस होता, आणि फेसात हिरवी पानं होती, चिंध्या झालेली.

"वरती गारा पडल्या," सासरे म्हणाले. "लय मोठ्या पडल्या."

आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. पायाखालची माती तव्यासारखी तापली होती.

नदीच्या मधोमध, काठापासून दोन-अडीचशे पावलांवर वाळूचं बेट होतं आणि त्याच्यावर आमची डांगरवाडी. आम्ही ढीवर लोक. पाणी असेल तोवर मासे धरायचे आणि नदी आटली की तिच्याच वाळूत खड्डे करून डांगरं, टरबुजं, काकड्या लावायच्या, ही आमची रीत. माझा नवरा केवळराम आणि सासू भागरथा महिनाभर तिथल्या झोपडीत राहून कोल्ह्यांपासून वेल राखत होते. मी रोज सकाळी टोलीवरून, म्हणजे आमच्या वस्तीवरून, त्यांची शिदोरी घेऊन यायची, ओघळातून चालत पलीकडं जायची आणि उन्हं चढायच्या आत या काठाला परत यायची. त्या दिवशी भात आणि चिंगळ्यांचं कालवण होतं. केवळरामांना चिंगळ्या फार आवडत.

बेटावर हालचाल दिसत होती. केवळराम आईला राखणीच्या मचाणावर चढवत होते. म्हातारीचं विटकं लुगडं वर सरकताना दिसलं.

तेवढ्यात वरच्या अंगाला म्हशी चारणारा ताराचंद वलथरे पळत आला. तो आमच्याच टोलीतला, सासऱ्यांहून दहा-बारा वर्षांनी लहान. धापा टाकत म्हणाला, "मुखरूदादा, दोन म्हशी वाहून गेल्या माया! अजून पानी येऊनच राहिलं. मोठं येऊन राहिलं."

"केवळ अन् त्याची माय तिकडे हायेत," सासरे म्हणाले.

ताराचंदनं बेटाकडं पाहिलं आणि त्याला म्हशींचा विसर पडला.

आम्ही उभे होतो त्या जागेला 'म्हशीचा उतार' म्हणत. घाट म्हणावं असं तिथं काही नव्हतं. दगडाची पायरी नाही, खुंटा नाही, रस्ता तर नाहीच. टोलीपासून कोसभर बोरी-बाभळीतून पायवाट यायची आणि उंच दरडीपाशी संपायची. म्हशी पाण्यावर उतरून उतरून दरडीला एक घळ पडली होती, तीच आमची डोंगे उतरवायची वाट. घळीत पळसाची लाकडं आडवी टाकायची, चिकणमातीवर घागरीनं पाणी ओतायचं आणि चौघांनी मिळून डोंगा घसरवत खाली न्यायचा. वर चढवायचा तर सहा माणसं लागत आणि शिव्या वेगळ्या.

डोंगा म्हणजे एकसंध झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तिला उन्हाळा सोसत नाही. लाकूड वाळलं की तडकतं. म्हणून आमच्या टोलीत पाडव्याच्या सुमाराला डोंगे डोहात नेऊन, आत दगड भरून बुडवून ठेवत. मृगापर्यंत ते पाण्याखाली निजायचे. त्या साली सासऱ्यांचा डोंगा आणि ताराचंदचा डोंगा असे दोन्ही डोहाच्या तळाशी दगडांखाली होते, आणि डोहावरून आता अख्खी नदी चालली होती. ते काढायचं नाव नव्हतं.

"टोलीवरून मानसं आनू?" ताराचंदनं विचारलं.

"जाऊन येऊन किती वेर जाईल? अन् मानसं येऊन काय करतील, हात जोडतील?" सासरे म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "अरे, सायत्राचा डोंगा हाये ना!"

"हो गा!" ताराचंद ओरडलाच. "हिच्या बापाचा डोंगा! हाये, हाये, वरतीच हाये!"

दोघंही माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच बेटावरच्या दोघांना पाण्यातून ओढून आणलं. मी मात्र शिदोरीची गाठ पुन्हा आवळायला लागले.

आता त्या डोंग्याचं सांगते. लग्नात माझ्या बापानं मला डोंगा दिला होता. कहूच्या झाडाचा, नवा कोरा, स्वतः तासलेला. आमच्यात एवढं कुणी देत नाही. बायकांनी नाकं मुरडली, "पोरीले भांडे द्याचे सोडून लाकूड दिलं." मला मात्र त्याचा असा काही तोरा होता की विचारू नका. पहिल्या उन्हाळ्यात तो बाकीच्यांबरोबर दगड भरून बुडवला, तेव्हा मी खरोखर रडले. बापाच्या हातचं काम चिखलात पुरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी हट्ट धरला. माझा डोंगा बुडवायचा नाही, जांभळीच्या सावलीत ठेवायचा, वर पळसाच्या पाल्याची चळत घालायची, आणि मी रोज दोन वेळा घागरींनी पाणी घालून त्याला ओला ठेवीन.

केवळराम पोट धरून हसले होते. "बापाचा डोंगा म्हनजे इचा पहिला नवरा! आठ दिवस घालशीन पानी. नवव्या दिवशी विसरशीन. मग म्या त्याचं सरपन करीन अन् तुज्या बापाच्या पाहुनचाराले तेच जाळीन."

टोलीभर ही थट्टा झाली. विहिरीवर गेले तरी बायका विचारायच्या, "पहिल्या नवऱ्याले आंगोळ घातली का व?" त्या वेळी माझी बाजू घेतली ती एकट्या सासऱ्यांनी. म्हणाले, "राहू द्या. तिच्या हातून डोंगा जगला तं मृगात जबान तीच देईल."

ही जबान आमच्या टोलीतली रीत होती. उन्हाळाभर ज्यानं डोंगा सांभाळला, त्याला पाण्यात उतरणाऱ्यानं विचारायचं, "डोंगा राजी हाये का?" आणि त्यानं सांगायचं, "राजी हाये." ते ऐकल्याशिवाय कुणी डोंग्यात पाय टाकत नसे. ऐकल्यावर कुणी पुन्हा तपासून बघतही नसे, तो सांभाळणाऱ्याचा अपमान झाला असता. बाईमाणसानं जबान दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी पाणी भरता भरता मनातल्या मनात ते दोन शब्द म्हणून बघायची. वेडी होते, दुसरं काय. एकवीस वर्षांची होते.

महिनाभर मी पाणी घातलं. मग माहेरी चुलतबहिणीचं लग्न निघालं. चार दिवसांसाठी गेले आणि बारा दिवस राहिले. कुणाला पाणी घालायला सांगून गेले असते तर काय बिघडलं असतं? पण सांगायचं म्हणजे माझ्यानं होत नाही हे कबूल करायचं, आणि विहिरीवरच्या त्या बाया मनात हसत होत्याच. पाला आहे, सावली आहे, चार दिवस निभतील, असं म्हणून मी गेले.

परत आले तेव्हा पाला वाऱ्यानं उडालेला होता आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला भेग पडली होती. वीतभर आणि वर दोन बोटं. गवताची काडी जाईल एवढी रुंद. मी कुणाला दाखवली नाही. जुन्या लुगड्याची चिंधी त्यात ठासून भरली आणि वरून चिकणमाती आणि शेणाचा लेप दिला. मग दिवसभर काठावरच थांबून पाच-पाच वेळा पाणी घालू लागले. भेग पाणी पिऊन मिटते, हे मी बापाकडून ऐकलं होतं आणि ते खरं आहे. ती मिटत चालली होती. पण तिला आठ-दहा दिवस हवे होते, आणि नदीला पूर आला तो चौथा दिवस होता.

एवढं सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

ताराचंदनं पाला ओढून टाकला. डोंग्यात काल संध्याकाळचं पाणी होतं, ते त्यांनी एका कुशीवर कलवून ओतून दिलं. मी घागर घेऊन घळीत धावले आणि चिकणमातीवर पाणी ओतू लागले, म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. आडवी लाकडं टाकली. सासरे पुढं, ताराचंद मागं आणि मधे मी. चौघांचा डोंगा आम्ही दोन पुरुष आणि एका बाईनं लोटला, आणि तो सुरसुर घसरत निघाला.

"हलका लागते गा," सासरे म्हणाले.

"घाईत जोर येते, दादा," ताराचंद म्हणाला.

घाईत जोर येतो हे खरंच, पण तो डोंगा हलका होता कारण तो आतून वाळला होता. सासऱ्यांनी उभा जन्म डोंगे उचलले होते, त्यांच्या हाताला ते कळलंच होतं. घळीच्या तळाशी, पाण्याच्या कडेला ते थांबले. वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, डोंग्याच्या टोकावर शिंपडलं, कपाळाला लावलं. मग माझ्याकडं वळले.

पाणी आमच्या डोळ्यांदेखत चढत होतं. बेटाची खालची बाजू, जिथं काकडीचे वेल होते, ती नाहीशी झाली होती. मचाणावर म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केवळराम झोपडीच्या खांबाला धरून उभे होते आणि पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलेलं असावं, कारण ते अर्धेच दिसत होते.

"सूनबाई," सासरे म्हणाले. एरवी ते मला नावानं हाक मारत. "डोंगा राजी हाये का?"

मी हजार वेळा तो क्षण उलटसुलट करून पाहिला आहे. भीती वाटली असं म्हणता येईल, पण भीती कशाची? त्यांच्या रागाची नव्हती, ते कुणावर रागावत नसत. मी नाही म्हटलं असतं तर त्या डोंग्यात कुणी बसलं नसतं, आणि माझा नवरा माझ्यासमोर वाहून गेला असता, आणि माझ्यामुळं गेला असता. हो म्हटलं तर चिंधी कदाचित धरेल. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगेल. अडीचशे पावलं तर आहेत. माझं मन असं एकेक काडी गोळा करत होतं. आणि खाली, अगदी तळाशी, ती विहिरीवरची थट्टाही होती. आज मी ते लपवत नाही. नवरा बुडत असतानाही मला बायका हसतील याची लाज वाटली. माणूस इतका क्षुद्र असतो, निदान मी होते.

"राजी हाये, मामाजी," मी म्हणाले.

"झालं तं," ते म्हणाले आणि धोतराचा काचा मारला.

"मी येते संग. पानी उपसाले कोनी पायजे," मी म्हणाले. मी त्यांचा दंडसुद्धा धरला. सुनेनं सासऱ्याचा दंड धरणं ही काय गोष्ट होती त्या काळी!

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "तिकडून दोघाईले आनाचं हाये. तू बसलीस तं जागा कोठी? अन् उपसाचं काहाले? तुजा डोंगा हाये, थेंब नाई येनार आत." आणि चक्क हसले. माझा मान ठेवण्यासाठी हसले.

आम्हाला पाण्यात बांबू टेकवून डोंगा चालवायची सवय. पण बांबू आता तळाला लागणार नव्हता, म्हणून त्यांनी वल्हं घेतलं. पोहताना कमरेला बांधतात ते वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे सगळे बेटावर झोपडीत होते. ताराचंदनं घळीत पाण्यात शिरून डोंगा लोटला. सासऱ्यांनी काठाकाठानं तो बराच वर नेला, प्रवाहात खाली वाहत येताना बरोबर बेटाला लागावा म्हणून, आणि मग नाक आत वळवलं. त्यांचं तोंड नदीच्या वरच्या अंगाला होतं, पाठ आमच्याकडं आणि बेटाकडंही. डोळे समोरून येणाऱ्या लाकडांवर आणि झुडपांवर होते. अख्ख्या बाभळी मुळांसकट वाहत येत होत्या.

तेव्हा बेटावर केवळरामांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि तो हवेत हलवायला लागले. डावीकडून उजवीकडं, पुन्हा पुन्हा.

"पाह्य, केवळ बोलावून राहिला," ताराचंद म्हणाला. "या म्हनते. लवकर या म्हनते."

मी तिकडं धड पाहिलंच नाही. माझं लक्ष डोंग्याच्या मागच्या टोकावर होतं. इतक्या लांबून भेग दिसणार नव्हती, तरी मी डोळे फाडून तिथंच बघत होते. अर्ध्याच्या थोडं अलीकडं सासऱ्यांनी एकदा मागं वळून डोंग्याच्या तळाकडं पाहिलं. पुन्हा वल्हवू लागले. पुन्हा वळले. मग वल्हं मांडीखाली दाबलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीनं पाणी बाहेर टाकायला लागले.

"हा काहाले थांबला गा?" ताराचंद स्वतःशीच बोलला.

"मामाजी, फिरा!" मी किंचाळले. "परत फिरा!" नदीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

वल्ह्याशिवाय डोंगा आडवा झाला. एक बाभळीचं झाड आलं, त्याच्या फांद्या डोंग्यावर अशा टेकल्या जशी एखादी म्हैस अंग टेकते, आणि डोंगा कुशीवर वळला. सासऱ्यांचं डोकं पाण्यावर दिसलं. एक हात फांदीला होता. ते पट्टीचे पोहणारे होते, टोलीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. दुसऱ्यांदा डोकं दिसलं ते खूप खाली, वळणाजवळ. नंतर दिसलं नाही.

ताराचंद काठाकाठानं पळत गेला. मी तिथंच बसून राहिले. शिदोरीला मुंग्या लागल्या होत्या, त्या मी वेचून काढत होते. का, ते विचारू नका.

आणि मग पाणी थांबलं.

दुपार कलायच्या आधीच ते चढायचं थांबलं. काठाच्या ओल्या रेषेखाली ते बोटभर उतरलं, मग वीतभर. वरच्या गारा एकदाच पडल्या होत्या, एकच लोंढा होता, तो निघून गेला. केवळरामांच्या कमरेच्या वर पाणी गेलंच नाही, मचाण हललं नाही. दिवस मावळायच्या आत आईच्या आणि स्वतःच्या कमरेला तुंबे बांधून ते दोघं छातीभर पाण्यातून चालत, पोहत आमच्या काठाला लागले. कुणी गेलं नसतं तरी ते असेच आले असते.

घळीतून वर येताना त्यांनी पहिलं विचारलं, "बाबा सापडले का?"

तोवर टोलीतले लोक जमले होते. सासूबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या मातीत बसल्या. बेटावरून त्या दोघांनीही सगळं पाहिलं होतं, तरी पलीकडं कुठं तरी ते काठाला लागले असतील अशी त्यांची आशा होती.

ताराचंद रडत होता. रडता रडता म्हणाला, "तू बोलावलास ना गा, केवळ! दुपट्टा हालवून बोलावलास. म्हातारा कसा थांबल?"

केवळराम त्याच्याकडं बघत राहिले. "बोलावलं?" ते म्हणाले. "म्या येऊ नोका म्हनत होतो. खांबावर खूण केली होती म्या. पानी सुस्त झालं होतं. येऊ नोका, आमी ठीक हाओत, असं सांगत होतो."

"आमाले या म्हनूनच दिसलं, बापा," ताराचंद म्हणाला.

ताराचंद वाईट माणूस नव्हता. त्याला जे वाटलं ते तो बोलला. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तेव्हाच मी म्हणू शकले असते की अहो, मामाजी तुमच्याकडं बघत नव्हते. ते तुमचा दुपट्टा हलायच्या आधीच निघाले होते. ते बुडाले माझ्या तोंडच्या दोन शब्दांनी. मी पदर तोंडात कोंबला आणि रडले. सगळ्यांना वाटलं सून सासऱ्यासाठी रडते, किती माया! त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सासरे दोन कोस खाली झाऊच्या झुडपांत सापडले. डोंगा सापडलाच नाही. कुणी माझ्याकडं संशयानं पाहिलं नाही. उलट बायका म्हणाल्या, बिचारीचा बापाचा डोंगाही गेला.

केवळराम त्यानंतर नदीत उतरले नाहीत. वर्षभरात आम्ही टोली सोडली. ते तालुक्याच्या गावी एका राइस मिलवर पहारेकरी झाले, मी अंगणवाडीत मदतनीस. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. लोकांच्या दृष्टीनं आमचं चांगलं चाललं होतं. फक्त केवळराम हात वर करत नसत. एसटीला हात दाखवायचा तर मी दाखवायची. एकटे असले तर गाडी समोरून निघून जायची आणि ते हात खाली सोडून उभे राहायचे, मग चार-पाच मैल चालत यायचे. मुली लहानपणी शाळेच्या फाटकातून त्यांना हात हलवायच्या आणि ते मान फिरवायचे. मुलींना वाटायचं बाबा तुसडे आहेत.

ते वर्षातून एक-दोनदा विचारायचे. जेवताना, मधेच, घास हातात धरून. "तू तं काठावर होतीस. बाबानं पायलं होतं का व मले? मी हालवत होतो तेवा?"

"नाही पाहिलं," मी सांगायची. "त्यांची पाठ होती."

"ताराचंद तं म्हने पायलं."

"त्याला काय कळतं?"

ते मान हलवायचे. माझ्यावर विश्वास ठेवत नसत. पाठ होती तर मग ते बुडाले कशानं, एवढा पोहणारा माणूस, नवा डोंगा, याचं उत्तर माझ्या सांगण्यात नव्हतं. अर्धं सांगितलेलं खरं लंगडत चालतं, ते त्यांना दिसत असावं. आणि पुढचं अर्धं सांगायचं म्हटलं की मी भात वाढायला उठायची. आज सांगू, उद्या सांगू. मुलीचं लग्न होऊ दे, बाळंतपण होऊ दे. अडतीस वर्षं अशी गेली. त्यांनी ती माझ्यासमोर, माझ्या हातचं जेवून, माझं पाप आपलं म्हणून वागवत काढली.

गेल्या पौषात ते अंथरुणाला खिळले. मिलच्या कोंड्यानं छाती भरली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी मुली बाहेर गेल्या होत्या, ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. आवाज फुटत नव्हता. "आता तं सांग. बाबा माया हाताकडं पाहूनच निघाला ना?"

मी खाली बसले, त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि सगळं सांगितलं. माहेरी बारा दिवस राहिले ते सांगितलं. भेग सांगितली, चिंधी सांगितली, शेणाचा लेप सांगितला. सासऱ्यांनी विचारलं आणि मी काय म्हटलं ते सांगितलं. ते हसून म्हणाले ते सांगितलं, थेंब नाही येणार. विहिरीवरच्या बायकांची लाज वाटली तेही सोडलं नाही. सांगताना मी रडले नाही. मला वाटलं, आता ते हात काढून घेतील. मला शिव्या देतील, भिंतीकडं तोंड करतील, आणि बरं होईल. निदान जाताना हलके होऊन जातील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी माझा हात थोपटला, दोनदा, लहान पोराला थोपटावं तसा.

"लय चांगली हायेस व तू, सायत्रा," ते म्हणाले. "माया जिवाले बरं वाटावं म्हनून एवढं रचलंस. पन तुले खोटं नाई बोलता येत, बाई. पयल्यापासूनच नाई येत."